शेऱ्याचा रकाना

तीन दिवस पडद्यावर सपाट रेघ.
हिरवा किरण फोडून दोन केले,
पितळी तोटीच्या बोटभर वर
पुन्हा एकमेकांतून नेले.
तिथं, तांदळाच्या कणीएवढ्या जागेत,
उजेड-अंधाराच्या पट्ट्या उभ्या आहेत
साडेतीन मायक्रॉनवर एक,
हे गणित सांगतं.
डोळ्यांना नुसता ठिपका.

तोटीतून हवा सुटते. गालाला लागते.
यंत्राला लागत नाही.

फैजपूर. मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
कॉलेजला सुट्टी. कूलरमधलं पाणी दुपारीच आटतं.
खिडकीला काळं कापड, आणि भिंतीपलीकडे
शेवरीचं कुंपण असूनही
केळीची पानं चिंध्या होऊन फडफडतात.
तो वारा अख्ख्या गावाला दिसतो.
माझा मलाही नाही.

चहा घेऊन सुपडू तात्या येतात.
झांबरे. एकतीस वर्षं या खोलीचे शिपाई.
आधीची दोन भावंडं जगली नाहीत,
म्हणून यांना जन्मल्या दिवशी सुपात घालून
उकिरड्यापर्यंत नेऊन परत आणलं,
तेच नाव.

"काय व बाई, अजून काहीच नाही?"
मी सांगते, तेलाचे थेंब उडवणारं यंत्र
पुण्याला दुरुस्तीला गेलंय.
वाटलं होतं, साध्या धुळीवर भागेल.
पण कॉम्प्रेसरला गाळणी मीच बसवलेली,
एकावर एक, तीन.

ते तोटीकडे बराच वेळ बघतात.
"वाऱ्याले कोनी पाह्यलं?
उफनतांना भुसा उडते, तव्हा कयते.
तू तं भुसाच काढून टाकला."

मग कोपऱ्यातल्या फळीवरून
गणपतीसमोरची अर्धी उदबत्ती उचलतात.
मी गाळण्या काढते.
धूर आत जातो.

एक कण पट्ट्या ओलांडतो.
उजेड अंधार उजेड अंधार उजेड
आणि पडद्यावर सुतानं भरलेली चाती,
टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली.
मग दुसरी.
मग मोजवेनात इतक्या.
लुकलुकीला अंतरानं गुणलं:
सेकंदाला अकरा मीटर.
तात्यांना काही वाटत नाही. चहा निवला म्हणतात.

"अन् ताप? तो बी असाच? हात न लावता?"
हात म्हणताना स्वतःचा पुढे करतात.
ऐन विशीत चुनाभट्टीवर होते;
बोटांची टोकं गुळगुळीत, काचेसारखी.
"मले गरम-थंड कयत नाही.
दूध कोमट झालं का, ते बायकोले इचारतो."

दुसरा किरण दिसतही नाही.
ज्योतीतून आरपार जातो,
आणि ज्योतीतली पाण्याची वाफ
त्यातला एक ठरलेला रंग गिळते.
तिथं कागदावर एक खळगा पडतो.
सगळे कण एकीकडे निघाले
तर खळगा सरकतो. तो वेग.
जो तो सैरावैरा धावला
तर खळगा रुंदावतो. तो ताप.
"म्हंजे एसटी लागली का सगळे तिकडे, तो वारा,
अन् बजारात ज्याचं त्याचं, तो उन्हाया?"
हो तात्या. एवढंच. मला हे कळायला
दोन वर्षं लागली.

ज्योत निळी, करंगळीएवढी.
तिला कशाचाच स्पर्श नाही.
तारेचं टोक आत घातलं असतं
तर ती जराशी बिचकली असती, तारेभोवती वळली असती,
आणि मी बिचकलेलीचा ताप लिहिला असता.

सव्वापाचला वीज गेली.
काळं कापड बाजूला केलं तर
फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात
खोलीतली सगळी धूळ वर चढत होती, सावकाश,
आणि तात्या त्यात हात घालून उभे,
काही लागतंय का बघत.

नोंदवहीत लिहिलं:
वेग अकरा. ताप अठराशे सत्तर केल्विन,
चाळीस इकडे-तिकडे.
शेऱ्याच्या रकान्यात:
उदबत्ती अर्धी, देवाची. सु. झांबरे यांच्याकडून उसनी.